तबकडीचे कुलूप

(तालुका पातळीवरील प्रशिक्षण वर्गात शिक्षक, ग्रामसेवक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘तबकड्यांवरील सादरीकरणांचे अनधिकृत नकलेपासून संरक्षण’ असे भारदस्त छापले आहे. ते वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हे व्याख्यान पंधरा वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते. हा आक्षेप मला मान्य आहे. सीडी आणि डीव्हीडी यांचे दिवस सरले. नव्या संगणकांना बहुधा तबकडीचा खणही नसतो. तरीसुद्धा हा विषय मी टाळला नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण आपल्याच कार्यालयांतील आणि शाळांतील कपाटांत आहे. साधारणपणे २००० ते २०१२ या काळात आपण जे जे दृकश्राव्य साहित्य तयार केले वा मिळविले, त्यातील पुष्कळसे तबकड्यांवर आहे आणि त्यातील काही तबकड्यांना आपणच कुलपे घातलेली आहेत. दुसरे कारण असे की, साधन बदलले तरी प्रश्न तोच राहतो. आज आपण सादरीकरण पेन ड्राइव्हवर देतो, भ्रमणध्वनीवरून धाडतो. परंतु ‘हे कोणी परस्पर उतरवून घेणार नाही ना?’ ही शंका ज्याची त्याला छळतेच. या शंकेची उत्तरे शोधण्यात जगाने जे पैसे आणि जी बुद्धी खर्च केली, ती मुख्यतः तबकडीवर. म्हणून धडाही तिथूनच घ्यावा लागतो.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. ध्वनिफितीचा काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल करीत गेले की, प्रत्येक पिढीला खरखर वाढत असे. चौथ्या नकलेत गायकापेक्षा फीतच अधिक गात असे. म्हणजे नक्कल करणाऱ्याला निसर्गच दंड करीत होता. अंकीय तबकडीने हा दंड माफ करून टाकला. तबकडीवर असतात ते केवळ अंक, शून्य आणि एक. अंकांची यादी बिनचूक उतरवून घेतली तर शंभरावी प्रत पहिलीइतकीच चोख निघते. मूळ आणि नक्कल यांत भेद उरत नाही. किंबहुना ‘मूळ’ या शब्दालाच फारसा अर्थ उरत नाही.

असे असूनही १९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ध्वनितबकडी बाजारात आणली तेव्हा तिला कोणतेही कुलूप घातले नव्हते. हा निष्काळजीपणा नव्हता. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर सुमारे ६५० मेगाबाइट एवढी माहिती मावत असे. आणि १९८३ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पीसी एक्सटी या संगणकाची स्थिर चकती होती १० मेगाबाइटची. एका तबकडीतील मजकूर ठेवावयाचा तर असे पासष्ट संगणक लागले असते! तबकडीचे आकारमान हेच तिचे कुलूप होते. पुढे स्थिर चकत्या वाढल्या, कोऱ्या तबकडीवर घरच्या घरी लिहिणारी यंत्रे आली, आणि नव्वदीचे दशक संपता संपता ती सामान्य ग्राहकाच्याही आवाक्यात आली. कुलूप कोणी फोडले नाही. ते आपोआप विरघळून गेले.

आपल्याकडे या बदलाचा खरा अनुभव आला तो व्हीसीडीमुळे. १९९३ मध्ये ठरलेल्या या पद्धतीत नकलेविरुद्ध कसलीही तजवीज नव्हती, आणि म्हणूनच आशिया खंडात ती गावोगाव पोहोचली. चित्रपट, लोकनाट्य, भारूड, कीर्तन, काय वाटेल ते व्हीसीडीवर मिळू लागले. आमच्या भागातील एक कीर्तनकार मला आठवतात. त्यांनी पदरमोड करून तीन कीर्तनांची तबकडी काढली आणि एका यात्रेत विक्रीस ठेवली. दुसऱ्या यात्रेच्या वेळी त्यांच्या पालापासून चार पाले सोडून त्यांचीच तबकडी, त्यांच्याच छायाचित्राची फिकट झेरॉक्स लावून, निम्म्याहून कमी किमतीत विकली जात होती. बुवा त्या पालावर गेले, एक प्रत विकत घेतली आणि परत आले. त्यानंतर त्यांनी दुसरी तबकडी काढली नाही. अनधिकृत नकलेबद्दल बोलताना मी हे उदाहरण कधी विसरत नाही, कारण पुढे मी कुलपांच्या विरोधात काही बोलणार आहे. त्यामुळे चोरीची कड घेतल्याचा गैरसमज व्हावयास नको.

कुलपांचे प्रकार

नकलेपासून संरक्षण करण्याच्या युक्त्या अनेक निघाल्या. त्यांतील पहिली मोठी म्हणजे तबकडीत मुद्दाम दोष ठेवणे. तबकडी छापतानाच तिच्या काही भागांत चुकीचे वा दुर्वाच्य अंक ठेवावयाचे. सामान्य नक्कलयंत्र त्या जागी अडखळते किंवा ते दोष ‘सुधारून’ पुढे जाते. आणि तबकडीवरील प्रोग्राम सुरू होताना आधी ते दोष शाबूत आहेत की नाहीत हे तपासतो. दोष असला तर तबकडी अस्सल, निर्दोष असली तर नकली, असा हा उफराटा न्याय! खेळ आणि शैक्षणिक प्रोग्राम यांच्या तबकड्यांवर १९९८ च्या सुमारास आलेली ‘सेफडिस्क’ ही पद्धत या जातीची होती. नक्कल करणाऱ्यांनी दोषासकट उतरवून घेणारे प्रोग्राम लवकरच तयार केले. पण या पद्धतीचा शेवट अधिक बोधप्रद आहे. ती चालण्यासाठी संगणकाच्या मूळ प्रणालीत एक छोटा सहायक प्रोग्राम असावा लागे. त्यात सुरक्षेच्या दृष्टीने धोका असल्यामुळे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये त्याला जागाच दिली नाही. परिणाम असा झाला की, ज्यांनी पैसे मोजून अस्सल तबकडी घेतली होती त्यांची तबकडी नव्या संगणकावर बंद पडली, आणि ज्यांच्याकडे कुलूप काढलेली नक्कल होती त्यांची चालू राहिली.

ध्वनितबकड्यांची कथा तर विनोदीच आहे. २००२ मध्ये काही तबकड्यांच्या बाहेरच्या कडेला संगणकाला गोंधळात टाकणारा एक पट्टा ठेवण्यात आला. लोकांनी त्या पट्ट्यावर साध्या मार्कर पेनाने रेघ ओढली. संगणकाला पट्टा दिसेनासा झाला आणि लाखमोलाचे कुलूप काही रुपयांच्या पेनाने उघडले. २००३ मध्ये दुसरी एक पद्धत आली. तबकडी खणात घालताच ती संगणकावर आपला पहारेकरी प्रोग्राम बसवीत असे. तबकडी घालताना ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरली तर पहारेकरी जागाच होत नाही, हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. इथपर्यंत हसून सोडून देता आले असते. परंतु २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीने आपल्या काही ध्वनितबकड्यांतून असा प्रोग्राम ग्राहकांच्या संगणकात उतरविला की, जो स्वतःला प्रणालीपासून लपवीत असे. आणि त्याच आडोशाला इतर घातक प्रोग्रामांनाही दडता येत असे. मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने ते त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी उघडकीस आणले. कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. घरात चोर येऊ नये म्हणून पहारेकरी ठेवावा आणि त्याने मागचे दार उघडे टाकावे, तसा हा प्रकार होता. फरक एवढाच की घर ग्राहकाचे होते आणि पहारेकरी त्याला न विचारता ठेवलेला होता.

आता मी ज्याला खऱ्या अर्थाने कुलूप म्हणेन त्या डीव्हीडीकडे येतो. १९९६ मध्ये या तबकडीसाठी एक सांकेतिक पद्धत ठरविण्यात आली. तबकडीवरील चित्रपट कूटरूपात असे; त्याची उकल करणारी किल्लीही तबकडीवरच, पण सामान्य नक्कलयंत्राच्या आवाक्याबाहेरच्या भागात ठेवलेली असे; आणि ती किल्ली स्वतःच दुसऱ्या कुलपात बंद असे. या दुसऱ्या कुलपाची किल्ली डीव्हीडी प्लेअर बनविणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला करार करून दिली जाई. कोरी तबकडी विकतानाच तिचा किल्लीचा भाग निकामी केलेला असल्याने सरळ नक्कल केली तरी ती चालत नसे. रचना हुशारीची होती. किल्ली चाळीस द्विअंकांची होती. म्हणजे संभाव्य किल्ल्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी. संख्या मोठी वाटते, परंतु संगणकाला ती अजस्र नाही. शिवाय पद्धतीच्या घडणीतच काही कच्चे दुवे होते.

तरीही ते कुलूप मोडले ते आकडेमोडीने नव्हे. संगणकावर डीव्हीडी दाखविणाऱ्या एका प्रोग्रामात त्याची किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. ती काहींना सापडली, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये उकल करणारा एक चिमुकला प्रोग्राम जगभर पसरला. त्या प्रकरणात नॉर्वेमधील योन लेक योहान्सेन या अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव पुढे आले. विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहता यावी एवढाच हेतू होता, असे त्याचे म्हणणे. त्याच्यावर खटला झाला. २००३ मध्ये खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरविले. अमेरिकेतील न्यायालयाने मात्र २००० सालीच त्या प्रोग्रामच्या प्रसारास मनाई केली होती. एकाच कृत्याकडे दोन देशांचे कायदे किती वेगळ्या नजरेने पाहतात, याचे हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. पुढे ब्लू-रे तबकडीसाठी चाळीसऐवजी १२८ द्विअंकांची, आजही अभेद्य मानली जाणारी कूटपद्धती वापरण्यात आली. त्या तबकड्या २००६ मध्ये बाजारात आल्या आणि २००७ च्या आरंभीच किल्ल्या बाहेर फुटल्या. कूट कोणी फोडले नाही, चालू असलेल्या प्रोग्रामच्या स्मृतिकोशातून किल्ली उचलून घेतली एवढेच.

असे पुन्हापुन्हा का घडावे? माझ्या मते आजच्या व्याख्यानाचे मर्म या प्रश्नात आहे. कूटलेखन ही विद्या जुनी आणि खात्रीची आहे. मी तुम्हाला बंद संदेश पाठविला आणि किल्ली फक्त तुमच्याकडे असली, तर वाटेत भेटणाऱ्या तिऱ्हाइताला तो वाचता येत नाही. नकलेविरुद्धच्या कुलपात मात्र तिऱ्हाईत कोणी नसतोच. ज्याने पाहावे म्हणून तबकडी दिली त्याच्याचपासून ती लपवावयाची असते. चित्रपट त्याला दिसला पाहिजे, म्हणजे उकल त्याच्याच घरात, त्याच्याच यंत्रात झाली पाहिजे. म्हणजे किल्ली त्याच्या घरी पोहोचलीच पाहिजे. पाहुण्याला खोलीची किल्ली द्यावयाची आणि खोलीत काय आहे हे त्याला कळू नये अशी अपेक्षा धरावयाची, असा हा व्यवहार आहे. आणि समजा किल्ली अगदी पोलादात बंद केली, तरी पडद्यावर उमटलेले चित्र कॅमेऱ्याने टिपता येतेच. तिथे कोणत्याही कुलपाचा इलाज चालत नाही.

आपल्या नित्याच्या सादरीकरणांना आपण जी कुलपे घालतो ती तर याहूनही कच्ची असतात. पॉवरपॉइंटचे सादरीकरण ‘फक्त दाखविण्यासाठी’ म्हणून पीपीएस या रूपात दिले की ते सुरक्षित झाले, अशी समजूत मी अनेक कार्यालयांत पाहिली आहे. त्या फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलली की ती संपादनासाठी उघडते. ‘बदल करण्यासाठी परवलीचा शब्द’ हाही कूटलेखनाचा प्रकार नव्हे. ती एक विनंती आहे. पीडीएफमध्ये ‘छापू नये, उतरवू नये’ अशी जी खूण करता येते, तिचीही तीच गत. वाचणारा प्रोग्राम सज्जन असला तर तो ती पाळतो. उघडण्यासाठीच परवलीचा शब्द लागावा अशी जी तजवीज आहे, ती २००७ पासूनच्या ऑफिस प्रोग्राममध्ये बरीच भक्कम झाली आहे. पण हे तिऱ्हाइतापासूनचे संरक्षण झाले. ज्यांना आपण तो शब्द सांगतो त्यांच्यापासूनचे नव्हे.

एक कबुली

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. मी त्या वेळी धुळे जिल्ह्यात नोकरीस होतो. पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धतीची पाणीवाटप व्यवस्था कित्येक पिढ्या चालत आली आहे, हे आपणांस ठाऊक आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी द्यावयाचे ते पाहणारा पाटकरी. २००३ मध्ये आम्ही या व्यवस्थेवर एक सादरीकरण तयार केले. नकाशे होते, छायाचित्रे होती. आणि सर्वांत मोलाची म्हणजे एका वयोवृद्ध पाटकऱ्याची पाऊण तासाची मुलाखत होती. त्यांनी अहिराणीत, कोणताही आडपडदा न ठेवता, पाण्याची पाळी कशी ठरते ते सांगितले होते. पाट मध्येच फुटला तर काय, एखाद्याचे बैल अडले तर काय, शेपटाकडच्या शेतकऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून काय करावयाचे, असे बारीकसारीक नियम त्यात होते. हे कोठेही लिहिलेले नव्हते.

तबकडी सिद्ध करून देणाऱ्या ठेकेदाराने सुचविले की, तिला कुलूप घालावे. नाहीतर कोणीही उतरवून घेऊन विकेल. मी मान्य केले. कागदावर सही माझी आहे. कुलूप म्हणजे अंगठ्याएवढा एक ठोकळा. तो संगणकाच्या मागे, छपाईयंत्राच्या खाचेत बसविला की तबकडी चालावयाची. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापले, ‘नक्कल करणे हा गुन्हा आहे.’ शाळांना व ग्रामपंचायतींना तबकड्या वाटल्या. ठोकळे काही ठिकाणी हरवले, काही ठिकाणी मुलांनी काढून खिशात घातले, एका ठिकाणी तर छपाई होत नाही म्हणून लिपिकाने तो काढून टाकला आणि कोठे ठेवला ते त्यालाच आठवेना. दोन वर्षांत ती तबकडी कोठेच चालेनाशी झाली. आम्हीही पुढच्या कामाला लागलो.

२०१४ च्या उन्हाळ्यात त्या गावच्या सरपंचबाईंचा मला दूरध्वनी आला. पाट दुरुस्तीसाठी बंद होता आणि पाणी पुन्हा सुरू झाल्यावर पाळी मुखाकडून नव्याने धरावयाची की जिथे थांबली तिथून पुढे, यावर दोन तट पडले होते. पाटकरीबाबा तोपर्यंत निवर्तले होते. ‘साहेब, तुम्ही बाबांचं बोलणं भरून नेलं होतं, ते आणा,’ असे त्या म्हणाल्या. मी मूळ तबकडी शोधून काढली. ठोकळाही मिळाला, पण ज्या खाचेत तो बसावा ती खाच असलेला चालू संगणक मिळेना. मिळाला तेव्हा त्यावर प्रोग्राम चालेना. ठेकेदाराचा व्यवसाय केव्हाच बंद झाला होता आणि कुलूप नसलेली प्रत आम्ही ठेवलीच नव्हती. सरकारी खर्चाने आणि एका वृद्धाच्या औदार्याने मिळालेले ते ज्ञान माझ्या हातात होते आणि मला ते उघडता येत नव्हते.

सुटका अनपेक्षित ठिकाणाहून झाली. शेजारच्या तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक भेटावयास आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिले आणि मग पिशवीतून एक व्हीसीडी काढून मेजावर ठेवली. २००४ मध्ये, तबकडी चालत होती तेव्हा, त्यांनी संगणकाच्या पडद्यासमोर हातातला व्हिडिओ कॅमेरा धरून ती मुलाखत उतरवून घेतली होती. शाळेतला संगणक वारंवार बिघडतो, मुलांना दाखवावयाचे राहून जाऊ नये, एवढ्यासाठी. वेष्टनावरील इशाऱ्यामुळे दहा वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. चित्र किंचित तिरके होते, मागे पंख्याची घरघर होती आणि शेवटची दहा-बारा मिनिटे नव्हती. परंतु पाळीचा नियम त्यात होता. पाणी जिथे थांबले तिथूनच पुढे गेले पाहिजे, कारण मुखाकडच्याने आपले भिजवून घेतलेले असते, असे बाबांनी स्वच्छ सांगितले होते. ती व्हीसीडी गावच्या चावडीत लावली. तंटा त्या एका दिवशी मिटला असे मी म्हणणार नाही. पण बोलणी सुरू झाली ती बाबांच्या शब्दांपासून.

कायदा काय म्हणतो

कुलूप दुबळे असले तरी कायदा दुबळा नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये कृती निर्माण होताच तिच्यावरील हक्क निर्माण होतो; नोंदणी सक्तीची नाही. शासनाने किंवा शासनाच्या निदेशानुसार तयार केलेल्या कृतीवरील हक्क, वेगळा करार नसल्यास, शासनाचा असतो आणि प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. १९८४ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणे व चित्रफिती यांच्या वेष्टनावर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे बंधनकारक झाले. आपल्या कार्यालयांच्या तबकड्यांवर हे क्वचितच असते. इशारा मात्र हमखास असतो. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये, लोक ज्याला झोपडपट्टी दादा कायदा म्हणतात त्या १९८१ च्या अधिनियमात सुधारणा करून, चित्रकृतींची चोरटी विक्री करणाऱ्यांना स्थानबद्धतेच्या कक्षेत आणले. बुवांच्या तबकडीवर कमाई करणाऱ्या माणसासाठी ही शस्त्रे आहेत.

कुलूप तोडण्याविषयी स्वतंत्र तरतूद आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने, कलम ६५-क म्हणून आली. परिणामकारक तांत्रिक संरक्षण जो हक्कभंगाच्या हेतूने मोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड. यातील ‘हेतूने’ हा शब्द अधोरेखित करावा असा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप मोडणे हेच बहुतांशी निषिद्ध; आपल्याकडे कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी ते मोडल्यास तो अपराध ठरत नाही. आणि मुभा लहान नाहीत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत कलम ५२ मध्ये सोडलेली आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला. अंध व अन्य दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात प्रत तयार करण्यासही २०१२ पासून मोकळीक आहे. त्या संबंधातील मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. त्या गुरुजींनी दहा वर्षे जी भीती बाळगली, ती माझ्या समजुतीप्रमाणे अनाठायी होती. भीती घालणारे वाक्य मी छापले होते. मुभा सांगणारे वाक्य छापण्याचे मला सुचले नव्हते.

मग करावे काय? माझी मते स्पष्ट आहेत, ती आपल्यापैकी काहींना पटणार नाहीत. जनतेच्या पैशाने, जनतेला कळावे म्हणून केलेल्या सादरीकरणाला कुलूप घालूच नये. बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेण्यास ठेवली. हक्क सोडला नाही, पण दार उघडे ठेवले. हीच रीत आपली असावी. वेष्टनावर आणि पहिल्या पटावर हक्क कोणाचा, कोणी केव्हा तयार केले, आणि ‘शिक्षण व लोकजागृतीसाठी प्रती काढण्यास परवानगी आहे, विक्रीस नाही’ एवढे लिहावे. त्यात ज्याची मुलाखत वा कला आहे त्याचे नाव आणि त्याची लेखी संमती असावी. ज्याने स्वतःचे साहित्य तयार केले आणि ज्याचे पोट त्यावर आहे, त्याने काय करावे हा प्रश्न निराळा. त्याला मी कुलपापेक्षा किंमत आणि वेळ यांकडे लक्ष द्यावयास सांगेन. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढल्या, तेव्हा चोरट्या प्रतीची स्वस्ताई हीच तिची ताकद नाहीशी झाली. ती कंपनी पुढे टिकली नाही, २०१८ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तबकडीचा जमानाच संपला होता. पण युक्ती चुकीची नव्हती. दुसरा उपाय खुणेचा. मोजक्याच लोकांना द्यावयाच्या प्रत्येक प्रतीत घेणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर किंवा चित्रात न दिसेल असा गुंफून ठेवावयाचा. नक्कल थांबत नाही, पण फुटली कोठून ते कळते. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीने २००४ मध्ये आपल्या एका सदस्याला याच खुणेच्या आधारे काढून टाकले.

आणि एक जात अशी आहे की, जिच्याबाबत मी कुलपाचा आग्रहच धरीन. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांची वैद्यकीय माहिती ही सादरीकरणाच्या मागच्या पटांवर सर्रास जोडलेली असते आणि आढावा बैठक संपल्यावर ती तबकडी कोणाच्याही मेजावर पडून राहते. इथे तिऱ्हाईत खराखुरा असतो. इथे उघडण्यालाच परवलीचा शब्द हवा, आणि तो तबकडीच्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहिलेला नको. आपण नेमके उलट करीत आलो: पाटकऱ्याची मुलाखत बंद, आणि विधवा निवृत्तिवेतनाची यादी उघडी.

दुपारच्या सत्रासाठी शेजारच्या खोलीत तबकड्या वाचणारी दोन यंत्रे आणि छपाईयंत्राची जुनी खाच असलेला एक संगणक मांडला आहे. परिपत्रकात कळविल्याप्रमाणे ज्यांनी आपल्या कपाटातील तबकड्या आणल्या असतील, त्यांनी प्रत्येकीवर शाळेचे वा पंचायतीचे नाव लिहून त्या द्याव्यात. पेन थेट तबकडीवर चालवू नये, वेष्टनावर लिहावे. ज्यांना कुलूप आहे त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि ठोकळा सापडला असेल तर तोही सोबत द्यावा. आमच्या त्या मुलाखतीची शेवटची दहा-बारा मिनिटे अजून मिळालेली नाहीत; तेव्हा निळ्या वेष्टनातली, बंधाऱ्याचे चित्र असलेली तबकडी कोणाकडे निघाली, तर ती प्रथम माझ्याकडे आणावी.